खापराचं कपाट

रंधा मारून घरी आलं की भुसा कुठे कुठे निघतो! पदरात, अंबाड्यात, चहाच्या कपातसुद्धा. उस्मानभाई सुताराच्या दुकानातले किस्सेही तसेच साठलेत. मी बोलते, नात लिहून घेते. शाळेशी माझा संबंध तेवढाच.

पाचोऱ्याकडचं गाव सोडून मुलाकडे जळगावला फ्लॅटमध्ये आले, तेव्हा सामानात एकच हट्टाची वस्तू होती. सासूबाईंचं मांडे भाजायचं मातीचं खापर. चांगलं परातीएवढं!

"आई, ओट्यावर मिक्सर आहे, हे कुठे ठेवू? गच्चीवर ठेवतो," मुलगा म्हणाला.

गच्चीवर पोरं क्रिकेट खेळतात. तिथे मातीचं खापर किती दिवस टिकणार? बाजारातल्या एकाही कपाटात ते मावेना.

"मग कपाट बनवून घ्यावं लागेल. कोण बनवणार, तुम्ही?" सूनबाई स्वाती हसली.

"हो, मीच! आखाजीच्या आत!" आखाजी म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, त्या दिवशी मांडे हवेतच.

*

उस्मानभाईंचं दुकान बिल्डिंगच्या मागेच. पहिल्या दिवशी त्यांनी हातात रंधा दिला. मी पदर खोचला आणि पाट्यावर पुरण वाटावं तसा दणादण पुढे-मागे घासला. फळीला ओरखडे नुसते!

"अक्का, रंधा पुढेच चालतो. हे लाकूड आहे, पुरण नाही!"

"पुरण असतं तर एव्हाना मऊ झालं असतं!"

*

टेपवरचे आकडे मला वाचता येत नाहीत. मी घरी वितीने खापर मोजलं आणि दुकानात येऊन सांगितलं, "इतक्या विती लांब, इतक्या रुंद." उस्मानभाईंनी आपल्या वितीने फळ्या आखल्या, मी कापल्या. त्यांचा पंजा म्हणजे केळीचं पान!

खोकं उभं राहिलं ते केवढं थोरलं! उस्मानभाई म्हणाले, "अक्का, खापर राहू द्या. यात तुम्हीच राहायला या!"

सगळं उकललं, फळ्या पुन्हा कापल्या. या वेळी सुतळीने मापून!

*

उस्मानभाई खिळे ओठांत धरून काम करतात. मीही धरायला लागले. एक दिवस स्वाती बोलवायला आली. काही विचारलं तर मी नुसती मान हलवायची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने मला एवढा वेळ गप्प पाहिलं नव्हतं!

"उस्मानभाई," ती म्हणाली, "थोडे खिळे घरी पण द्या ना!"

*

एका कोपऱ्याचा सांधा काही केल्या बसेना. बोट जाईल एवढी फट राहिली. मी रडवेली झाले. आखाजी तोंडावर आली होती. उस्मानभाईंनी मूठभर भुसा उचलला. त्यात सरस, म्हणजे लाकूड चिकटवायचा डिंक, कालवला आणि फट बुजवून टाकली.

मला सासूबाई आठवल्या. नवी नवरी होते, पहिलाच मांडा हातावर फिरवताना फाटला आणि खापरावर चिंध्या होऊन पडला. जावा तोंडाला पदर लावून हसल्या. सासूबाईंनी तो फाटका मांडा स्वतःच्या ताटात घेतला. "फाटेल मांडा बी पोटमाच जास," आमच्या अहिराणीत म्हणाल्या, फाटलेलाही पोटातच जातो, आणि दुसरी लाटी माझ्या हातावर ठेवली.

*

आखाजीच्या आदल्या दिवशी कपाट घरी आलं. मी स्वतः पॉलिश केलेलं! शेजारपाजारचे बघायला जमले. मी दोन्ही हातांनी खापर उचललं, कपाटाशी गेले...

आत शिरेना!

आतली जागा बरोबर होती. पण बिजागऱ्यांसाठी दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी मी पट्ट्या ठोकल्या होत्या. शोभा यावी म्हणून चांगल्या रुंद! त्यांचं माप धरलंच नव्हतं.

उस्मानभाई जमिनीकडे बघायला लागले. मुलगा हळूच म्हणाला, "आई, दे. गच्चीवर नीट झाकून ठेवतो."

मी काही बोलले नाही. तोंडात खिळे नव्हते, तरीही.

तेवढ्यात स्वातीने माझ्या हातातलं खापर काढून घेतलं आणि स्वयंपाकघरात गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. मग हाक आली, "आई, हे पालथंच ठेवायचं ना गॅसवर? आणि पुरणाला डाळ किती भिजवू?"

दुसऱ्या दिवशी मांडे झाले. तिचा पहिला फाटला, तो मी माझ्या ताटात घेतला.

सणानंतर मुलगा सकाळी ओट्याशी चाचपडत होता. "स्वाती, मिक्सर कुठे गेला? इथे तर खापर आहे!"

"आईंच्या कपाटात आहे," ती म्हणाली. "गच्चीवर नाही ठेवला, नशीब समजा!"