टाकी बसवायची कुठं

वडील गेले आणि त्यांची जुनी पेट्रोलची गाडी माझ्या गळ्यात पडली. गळ्यात पडली असं म्हणतो खरं, पण ती विकायचा विषय कुणी काढला असता तर मीच त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. वडील जव्हारला गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी सेकंडहँड घेतली आणि उरलेलं आयुष्य थोडं तिच्यात आणि बरंचसं तिच्याखाली घालवलं.

गाडीचं मुख्य काम एकच होतं, दर रविवारी आईला माहेरी नेणं. माहेर पोशेऱ्याला. तिथं तिचा थोरला भाऊ, माझा मामा, कमरेचं हाड मोडल्यापासून खाटेवर आहे. मामी कधीच गेली, मामेभाऊ भिवंडीकडं मजुरीला, घर सुनेच्या जिवावर. आई जायची, भावाचं अंग पुसायची, त्याच्याशी घरच्या बोलीत कडाकडा भांडायची आणि संध्याकाळी खुशीत परत यायची. एसटी आहे, पण तिची पायरी आईच्या गुडघ्यांना झेपत नाही, आणि फाट्यापासून पुढचं चालणं तर नाहीच नाही. म्हणजे गाडी निघाली तरच भावाबहिणीची भेट.

वडिलांमागं पेट्रोल वाढत गेलं तसा मी रविवारांना कात्री लावत गेलो. आधी पंधरवड्यानं, मग महिन्यानं. तरी रविवारी सकाळी आई चांगलं लुगडं नेसून ओट्यावर बसायची आणि मी वर्तमानपत्रात तोंड खुपसायचो. हे मला फार दिवस सहन होईना. शेवटी गाडी गॅसवर करून घ्यायचं मी मनावर घेतलं.

चहाच्या टपरीवर बातमी पोचली आणि सल्ले सुरू झाले. एक जण म्हणाला, ‘घरचा लाल सिलिंडर ठेवा ना मागं, नळी जोडून देतो आपला माणूस.’ मी त्याला विचारलं, माझ्या फोटोला हार तू घालणार का. घरगुती गॅस गाडीत वापरणं गुन्हा आहे हे त्यालाही ठाऊक होतं. पण आमच्या डोंगरात नियम घाट चढून येईपर्यंत दमतो, अशी सगळ्यांची समजूत आहे.

मग एका सुट्टीला आईला शेजारी बसवून नाशिक गाठलं. तिथल्या परवाना असलेल्या फिटरनं मला समोर बसवून सगळं समजावलं. गॅसचं किट याच मॉडेलसाठी मंजूर झालेलं हवं. बसवलं की आरटीओत नेऊन आरसीवर इंधनाची नोंद बदलायची. विमा कंपनीला कळवायचं, नाहीतर काही झालं तर ते हात वर करणार. टाकीची ठरावीक वर्षांनी तपासणी. आणि आमची गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, म्हणजे आधी तिचं रिपासिंग. किटचा आकडा ऐकून मी पाणी मागितलं.

‘तुमच्या बाजूला गॅसचा पंप कुठंय?’ त्यानं विचारलं.

‘नाही.’

‘मग भरायला इकडंच यावं लागेल, साहेब.’

गॅस स्वस्त खरा, पण तो आणायला अख्खा घाट पालथा घालायचा. तरीही मी हिशेब मांडला. मी गणिताचा मास्तर. नाशिकची इतर कामं त्याच फेरीत घुसवली, दर रविवारची पोशेऱ्याची फेरी धरली आणि काही वर्षांत पैसे वसूल होतात असं दाखवून दिलं. उत्तर आधी ठरवून मग रीत लिहिली. वर्गात कुणी असं केलं तर मी त्याला पुन्हा गणित करायला लावतो.

फिटरनं डिकी उघडली आणि आत हात ठेवला. ‘टाकी इथं येणार.’

‘आन सामान?’ आईनं विचारलं.

त्यानं दुसरा उपाय सांगितला. स्टेपनीच्या जागेत बसणारी गोल टाकीही मिळते. पण मग स्टेपनी डिकीत. म्हणजे जागा गेली ती गेलीच, आणि स्टेपनीशिवाय आमच्या रस्त्यांवर निघणं म्हणजे वेडेपणा.

डिकी हा आमच्याकडं साधा विषय नाही. माहेरी जाणारी बाई रिकाम्या हातानं जात नाही आणि माहेर तिला रिकाम्या हातानं धाडत नाही. जाताना जव्हारच्या बेकरीतले टोस्ट, चहापूड, मामाची औषधं. येताना नागली, वरई, मोहाची सुकी फुलं, कधी पाय बांधलेली कोंबडी. एकदा ती सुटली आणि भर घाटात वडिलांच्या डोक्यावर येऊन बसली. वडिलांनी गाडी थांबवली नाही, वेगही कमी केला नाही. आई हसून हसून रडली होती. तो रविवार मला अजून हवा असतो.

परतताना मोखाड्याच्या अलीकडं मोठा उतार लागला. आई म्हणाली, ‘तुजा बाप हितं चावी बंद करायचा.’

करायचे. पोशेऱ्याहून येताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायचे. ब्रेक नीट लागत नाहीत असं मी किती ओरडलो. पण इंजिन थांबलं की गाडीत एकदम शांत व्हायचं, टायरखालची खडी तेवढी ऐकू यायची. एरवी मुके असलेले वडील तेव्हाच बोलायचे. आईला विचारायचे, ‘भाऊ काय म्हणाला गं?’ उतार संपेपर्यंत ती सांगत राहायची. मी चावी बंद केली नाही. मलाही तिला भावाचं विचारावंसं वाटलं, पण महिन्यात तिला तिकडं नेलंच नव्हतं, धीर झाला नाही.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, ‘सगला खर्च जान्यायेन्याचा हाय ना?’

‘हो.’

‘मंग मी येतच नाय. मला दादाकडं ऱ्हाऊ दे. सून एकली किती करंल?’

मी हसलो. मग तिच्याकडं पाहिलं आणि हसू आवरलं.

पुढच्या रविवारी तिची वळकटी, लुगडी, पितळी डबा असं सगळं डिकीत भरलं. झाकण लागेना, दोरी बांधावी लागली. मामा तिला पाहून दात नसलेल्या तोंडानं हसला आणि लगेच कशावरून तरी भांडायला लागला. आई त्याच्या खाटेशी बसली ती बसलीच. मी निघालो तेव्हा ती त्याला पेज भरवत होती. परतीच्या घाटात मला रडू आलं. थांबवायचा मी प्रयत्नही केला नाही.

गॅसचा विषय तिथंच संपला. आता दर रविवारी मी पोशेऱ्याला जातो, पेट्रोलवरच, आणि अजून एकही रविवार चुकवलेला नाही. पेट्रोल किती झालं ते पंपावर बघतही नाही. आईला तिच्या भावाकडं न्यायला जे परवडत नव्हतं, ते मला माझ्या आईकडं जायला परवडतं.