चाकाखालचं लिंबू

देवीवर माझी श्रद्धा आहे, पण त्या आठवड्यात मी तिच्याशीही भांडत होते. आमच्या जुन्या गाडीचं स्टेअरिंग फिरवलं की ती आधी जरा विचार करायची आणि मग वळायची. सेलूतल्या मिस्त्रीनं सांगितलं, "बाई, एंड गेलेत." एंड म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याचे चाकाकडचे सांधे. तीन हेलपाटे घालायला लावून त्यानं ते एकदाचे नवे बसवले. घरी सांगितलं, तर सासूबाईंच्या कानावर ‘अंडी’ पडली. "देवीचा फोटो हाय त्या गाडीत, अन् अंडी घालायलेत!" त्यांची समजूत काढण्यात माझा अर्धा दिवस गेला.

हा सगळा खटाटोप लेकीला चुडाव्याहून माहेरी आणण्यासाठी होता. तिला सातवा महिना होता. आधीचं एक मूल पोटातच गेलेलं, त्यामुळे माझा जीव टांगणीला लागलेला. रोज दिवा लावून मी देवीकडे एकच मागत होते, पोरीला सुखरूप घरी येऊ दे.

जाताना गाडी बरी चालली. लेकीला घेऊन आम्ही निघालो आणि चुडाव्याची शीव येताच सासूबाईंनी मागून माझा खांदा धरला. "थांब. पोटुशी पोर शीव वलांडायलीय. चाकाखाली लिंबू ठिवल्याबिगर जायचं न्हाई."

ऊन लय झालेलं, लेक अवघडलेली. मी चिडूनच गाडी शिवेवरच्या देवीच्या ओट्याशी थांबवली. "तुमचं लिंबू तुम्हीच ठेवा," म्हणाले. त्यांना वाकता येत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. ही माझी भक्ती!

बाभळीखाली शेळ्या राखत बसलेले एक आजोबा उठून आले. "द्या मावशी, मी ठिवतो." ते चाकाजवळ बसले ते उठेचनात. मी हॉर्नवर हात ठेवणार, तोच ते म्हणाले, "बाई, गाडी हलवू नका. हितली पिन कुठाय? नट उतरायलाय."

उतरून पाहिलं. नवा नट शेवटच्या आट्यांवर आला होता. तो सुटू नये म्हणून घालायची पिन मिस्त्री विसरला होता. नट निसटला असता तर चाक वाटेल तिकडे वळलं असतं, आणि पुढच्या सीटवर माझी लेक होती.

आजोबांनी पूर्वी ट्रॅक्टर चालवला होता. गाडीतल्या पान्यानं त्यांनी नट आवळला, पिनेच्या जागी तार ओवली आणि पूर्णेतल्या गॅरेजपर्यंत हळू जायला सांगितलं. मी पाया पडायला वाकले, तर मागे सरले. "आवो, मी लिंबू ठिवाया आलतो नुसता!"

सासूबाईंना लिंबाचं कोणी बोलायला लावलं, आजोबांना तिथं कोणी बसवलं, यावर मी वाद घालत नाही. एवढंच कळलं, की मी देवीकडे मागत होते आणि ती ज्यांच्या हातून देत होती त्यांच्यावरच खेकसत होते.

ओट्यापुढे हात जोडले. सवयीनं काहीतरी मागायला गेले आणि थांबले. लेक गाडीत बसलेली होती, पोटावर हात ठेवून. मागायचं काही उरलंच नव्हतं.