साहेबांची वीत

आमच्या तलावातला कटला मासा एवढा मोठा असायचा की तो बाहेर काढला की पाणी दोन बोटं उतरायचं आणि पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बाया शिव्या घालायच्या. हे मी जळकोटच्या बाजारात शपथेवर सांगितलेलं आहे, आणि ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी मान डोलावलेली आहे. एका कटल्याच्या खवल्यात माझ्या आईनं पीठ मळलं होतं, हेही खरं. पण आता जे सांगणार आहे त्यातले मासे जेमतेम वीतभराचे आहेत. म्हणून निदान ते तरी खरं धरावं.

आम्ही जातीनं भोई. अकरा घरं. पिढ्यान् पिढ्या तलावाच्या काठावर राहून आमच्याच लोकांनी त्या तलावात चोरून मासे धरले, कारण तलाव कायम कुणा ना कुणा ठेकेदाराचा असायचा. माझ्या मामाच्या पाठीवर ठेकेदाराच्या माणसांनी मारलेल्या वेताचे वळ होते. पावसाळी हवा पडली की ते ठसठसायचे आणि मामा सांगायचा, "आज झड लागनार." वेधशाळेपेक्षा मामाची पाठ खरी निघायची.

मग आमची सोसायटी झाली आणि तलाव पाच वर्षांसाठी तिच्या नावानं लागला. शिक्क्याचा कागद आला. मामा सोसायटीचा चेअरमन. त्याला अक्षर येत नव्हतं, पण कागद त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवांच्या शेजारी टांगला. मामी दिवा लावताना आधी कागदाला ओवाळायची, मग खंडोबाला. मामानं अकरा घरांना बसवून सांगितलं, "आजवर चोर म्हनून जगलो. आता कागद हाय. कागदाच्या भायेर एक मासळी काढायची न्हाई. ज्यानं काढली त्याचं तंगडं मीच तोडतो."

बीज आणायला मामा आणि मी नांदेडच्या बाजूला गेलो. दुधाच्या कॅनमध्ये पाणी, पाण्यात बोटुकली, म्हणजे बोटाच्या पेराएवढी पिल्लं. त्यांना हवा लागते, म्हणून कॅनमधलं पाणी सारखं हातानं हलवत राहावं लागतं. एसटीच्या टपावर बसून मामानं येईपर्यंत पाणी हलवलं. मी मध्ये मध्ये म्हणायचो, "मामा, मी हलवतो." तो म्हणायचा, "तुझा हात सरकारी हाय, राहू दे." उतरला तेव्हा त्याचा हात सुजून भाकरीएवढा झाला होता आणि झोपेतसुद्धा तो हात हालत होता, असं मामी सांगायची.

माझा हात सरकारी होता, कारण मी दहावी पास होऊन त्याच तलावावर मासळी खात्याचा राखणदार म्हणून लागलो होतो. हंगामी. खाकी सदरा, शिट्टी आणि एक काठी. काठीवर एक खाच होती. खाचेहून लहान मासा धरला तर परत पाण्यात सोडायचा, हा नियम. खाच पाडून दिली होती तेव्हाच्या जिल्ह्याच्या साहेबानं, स्वतःची वीत काठीवर ठेवून. तो साहेब एवढा बुटका होता की बांधावर उभा राहिला तर बगळे त्याला आपल्यातलाच समजून सरकून जागा द्यायचे.

पुढच्या सालात दोन गोष्टी झाल्या. जिल्हा नवा झाला आणि पाऊस आलाच नाही. आमची कागदपत्रं जुन्या जिल्ह्यातून लातूरला निघाली आणि वाटेत कुठं तरी मुक्कामाला राहिली. इकडं तलाव रोज आटायला लागला. काठावरचं पाणी सकाळी जिथं असायचं, तिथं संध्याकाळी भेगा. मासळीला जागा कमी, खाणं कमी. वाढ खुंटली. मामा पाण्यात हात घालून बसायचा, मासा अंगाला घासून गेला की म्हणायचा, "भाचेराव, हे आता मोठं व्हनार न्हाई. जसं हाय तसं काढू दे. औश्याच्या बाजारात न्हेऊन इकतो. पोरं तरी जगतील."

"हुकूम आल्याशिवाय जाळं टाकता येत नाही, मामा."

"हाव, हाव. हुकूम आन मग."

मी लातूरला गेलो. नवं ऑफिस भाड्याच्या एका खोलीत होतं. पाटीचा रंग ओला होता, माझ्या सदऱ्याला लागला. खुर्ची आली होती, टेबल यायचं होतं. नवा साहेब फायली मांडीवर घेऊन बसला होता. माणूस एवढा उंच की जीपमधून आधी गुडघे उतरायचे, आणि लोकांचा चहा पिऊन झाल्यावर साहेब उतरायचा. पण स्वभावानं चांगला. म्हणाला, "दुष्काळ आहे, मला कळतं. मी स्वतः येतो आणि जाळं टाकायची परवानगी देतो." निघताना वर म्हणाला, "तुझं काम बघून तुलाही कायम करून टाकू."

हे शेवटचं वाक्य मी घरी येईपर्यंत तोंडात गुळाच्या खड्यासारखं घोळवलं.

साहेब आला. अकरा घरांतली माणसं, बाया, म्हातारेकोतारे बांधावर गोळा झाले. साहेबानं कागदावर सही केली, आणि मग विचारलं, "माप काय धरता?"

मी काठी पुढं केली.

"नियमाचं पुस्तक जुन्या जिल्ह्यातच राहिलंय," साहेब म्हणाला. "पण वीतभर हे माझ्या लक्षात आहे." आणि त्यानं आपला पंजा काठीवर पसरला. पंजा कसला, ताडाचं पान. जुन्या खाचेच्या वर चांगलं दोन बोटं गेला. साहेब थांबला. माझ्याकडं बघून म्हणाला, "इथं एक खाच दिसते. ही कुणाची? जुनी चालत असेल तर जुनी ठेवू."

मामा माझ्या शेजारी उभा होता. मी नुसतं 'चालते, साहेब' म्हटलं असतं तर संपलं होतं. सगळा मासा जुन्या खाचेला पुरत होता, हे मला माहीत होतं. पण तोंडात गूळ होता.

"ती चुकून पडलीय, साहेब," मी म्हणालो. "तुमचीच बरोबर."

आणि खिशातला चाकू काढून मी तिथल्या तिथं नवी खाच पाडली. इतकी सुबक खाच मी जिंदगीत दुसरी पाडली नाही.

जाळं टाकलं. आठ माणसांनी ओढलं. मासा एवढा आला की काठ चांदीचा झाला, आणि ही थाप नाही. बाया ओरडायला लागल्या. मी काठी घेऊन बसलो. पहिला मासा ठेवला, बोटभर कमी. दुसरा, दीड बोट. तिसरा, अर्धं बोट. मी एकेक परत फेकत गेलो. पाणी गुडघ्याएवढं, आणि आठ माणसांनी तुडवलेलं, म्हणजे निव्वळ चिखल. फेकलेला मासा चिखलात रुतायचा, तोंड वर करून भकाभका हवा खायचा आणि आडवा व्हायचा.

"अर्ध्या बोटानं काय व्हतंय रे?" मामी म्हणाली. "लेकरासारखं आनलंय त्यानं ते."

"मामी, नियम आहे."

एक म्हातारा माझ्याकडं बोट दाखवून खोकत म्हणाला, "ह्याला मोजलं व्हतं का कुनी जलमला तेव्हा? परत टाकला असता."

सगळे हसले. मीसुद्धा हसलो. मामा हसला नाही. त्यानं पोरांना दटावलं, "मोजू द्या. कागदात आपून सही केलीय." अंगठा होता तो, पण तो सहीच म्हणायचा. एकानं दोन मासे धोतरात लपवले, तर मामानंच त्याच्या मुस्काटात मारली आणि मासे माझ्यासमोर आणून ठेवले. मी मोजले. फेकले.

दिवसभराच्या मोजणीत सात मासे पास झाले. साहेब निघताना मी ते सातही मासे त्याच्या जीपमध्ये ठेवले. तो नको नको म्हणाला, पण मी ते परत काढावेत इतका वेळ म्हणाला नाही.

पुढच्या आठ दिवसांत तलाव संपला. मधलं डबकं, त्यात मासे, आणि वर बगळे, कावळे, गावातली झाडून सगळी कुत्री. त्यांच्यापैकी कुणी माप विचारलं नाही. माणसाला मात्र मी शिट्टी वाजवून हाकलत होतो. मग वास सुटला. असा वास की औश्याच्या किल्ल्यावर लोकांनी नाकाला पदर लावले. तालुक्याहून हुकूम आला, आणि तो मात्र एका दिवसात आला: मेलेली मासळी पुरून टाकावी, काम सोसायटीनं करावं, खड्डा काठीभर खोल असावा.

काठी माझी होती.

अकरा घरांनी खणलं. त्या कडक, भेगाळलेल्या जमिनीवर कुदळ मारली की ठिणगी उडायची. मामा खड्ड्यात उतरून खणत होता. बाया टोपल्यांनी मासे आणून कडेला ढीग लावत होत्या. दुपार कलली तेव्हा मामानं कुदळ टेकली, वर बघितलं आणि पहिल्यांदाच मला अहोजाहो केलं.

"मोजून घ्या, साहेब. कमी भरला तर परत टाकू."

मी काठी खड्ड्यात सोडली. माझी नोकरी कायम व्हायची होती, कागद लातूरला होता, आणि अकरा घरं माझ्या हाताकडं बघत होती. काठीचं टोक वर राहिलं.

"अर्धं बोट कमी आहे," मी म्हणालो.

मामा हातावर थुंकला आणि त्यानं कुदळ उचलली.