बायकांचा डबा कुठल्या टोकाला

खिडक्यांना गज नव्हते. भांडण तिथून सुरू झालं.

बाबा निवृत्त झाले तेव्हा मी पुण्यातल्या एका प्रदर्शनातून त्यांच्यासाठी मॉडेल रेल्वेचा एक संच आणला. एक इंजिन, चार डबे, गोल फिरणारे रूळ. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'भारतीय पॅसेंजर'. बाबांनी लोणावळ्याच्या यार्डात तीसेक वर्षं डबे तपासले. घाट उतरण्याआधी गाडी थांबते, ब्रेक तपासतात, तेव्हा हातोडीनं चाकांवर टकटक करत गाडीच्या कडेनं एक माणूस चालत जाताना तुम्ही पाहिला असेल. असल्या माणसाला खेळण्यातली गाडी देताना मला जरा भीती होतीच. त्यांनी डबा उचलला, आधी उलटा करून खालचं बघितलं, मग सुलटा केला आणि म्हणाले, "गज न्हाईत. माणसं पडतील की."

मी नीट बघितलं. परदेशी डबा होता. त्याला निळा रंग फासून भारतीय केलेला. लांबरुंद काचा, दाराला पायऱ्या नाहीत, सामानाला जागा नाही, आणि बायकांचा डबा तर औषधालाही नाही. लोणावळा-पुणे मार्गावरच्या आमच्या कान्ह्याहून सकाळी पुण्याला जाणारी आणि संध्याकाळी लोणावळ्याकडे परतणारी ती पॅसेंजर मी लहानपणापासून बघितली होती. तिला गज होते, आणि त्या गजांना दुधाच्या किटल्या लटकत. गाडी बंद करताना आम्हाला कुणी विचारलं नाही. निदान तिची प्रतिकृती तरी खोटी विकू नका.

पत्रकं काढायचा मला सराव आहे. प्लॅटफॉर्मवर मुतारी नाही म्हणून काढलंय, उर्से टोलनाक्यावर गावकऱ्यांना अडवतात म्हणून काढलंय. तेव्हा कंपनीला मी पत्र लिहिलं तेही पत्रकासारखंच. मथळा दिला: 'खोक्यावर एक, आत दुसरंच'. खाली मुद्दे घातले आणि उत्तर आलं नाही तर हेच छापून प्रदर्शनाच्या दारात वाटीन, असंही लिहिलं. आमच्या चळवळीच्या गटातला एक मित्र म्हणाला, खेळण्यावर पत्रक काढतेस, उद्या भातुकलीवर मोर्चा काढशील. मी म्हटलं, भातुकलीत चूल खोटी असली तर तोही काढीन.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण आता मिटलंय. ती छोटी निघाली. मालक स्वतःच साचे करायचे. त्यांनी फोन केला. आवाज शांत होता, आणि तेच मला जास्त झोंबलं. ते म्हणाले, "मॅडम, शिव्या पुष्कळ जण देतात. कुठला डबा कुठं होता, ते कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा, मी करतो. पण साचा एकदाच कापतो."

साचा एकदाच कापतो, हे वाक्य मी बाबांना सांगितलं तेव्हा ते नुसते 'हं' म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी कामशेतच्या बाजारात त्यांच्या जुन्या दोस्तांना कळलेलं होतं की त्यांची पॅसेंजर येणार आहे. पिशवीत मावेल एवढी, पण खरी.

मग मी जे मला येतं ते केलं. लोकांत गेले. कान्ह्याच्या प्लॅटफॉर्मवर, कामशेतला, लोणावळ्याला स्टेशनाबाहेर उभी राहून विचारलं: ती पॅसेंजर आठवते? डबे कसे होते? वहीत लिहून घेतलं, खाली सह्या घेतल्या. लोकांना सगळं आठवत होतं. पुढं इंजिन, दोन्ही टोकांना गार्डाचा आणि सामानाचा डबा, मध्ये साधे डबे. टोकाच्या डब्यातला अर्धा भाग बायकांचा. फक्त तो कुठल्या टोकाला, यावरून जुंपली. सकाळी पुण्याला कामाला, कॉलेजला जाणाऱ्या बायका शपथेवर सांगत की तो इंजिनाला लागून होता. संध्याकाळी लोणावळ्याला बंगल्यांवर कामाला जाणाऱ्या मावश्या तेवढ्याच शपथेवर सांगत, "न्हाई गं बाई, पार शेपटाला. गार्डाच्या शेजारी. आमी रोज पळत जायचो."

दोन्ही बाजूंच्या सह्या जवळजवळ सारख्या. चळवळीत एक गोष्ट अंगात मुरते: आलेली सही परत करायची नाही. मी दोन्ही म्हणणी मान्य केली. कंपनीला ठासून लिहिलं की बायकांचे अर्धे डबे दोन होते, एक पुढं, एक मागं. सोबत सह्यांच्या वहीची झेरॉक्स जोडली. एवढा पुरावा बघून मालकांनी लिहिलं की त्यांना आता शंका नाही, काम सुरू करतो.

बाबांना मी विचारलंच नव्हतं. चाकांचं, स्प्रिंगांचं, ब्रेकच्या दांड्यांचं विचारलं होतं. ते त्यांचं खातं. बायकांच्या डब्यातलं त्यांना काय कळणार, असं मी गृहीत धरलं.

काही दिवसांनी कंपनीकडून संचाचं चित्र आलं. बाबांनी चष्मा लावून ते बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाले, "हे दोन कुटनं आले?"

मी सह्यांचं सांगितलं. सकाळच्यांचं, संध्याकाळच्यांचं.

"अगं, डबा काय फिरतोय व्हय? इंजिन फिरतं. पुण्याला इंजिन काढायचं, गाडीच्या दुसऱ्या तोंडाला लावायचं आन परत यायचं. डबे हायेत तितंच. सकाळी जो इंजिनाला लागून, त्योच सांजच्याला शेपटाला. डबा एकच, पुण्याच्या अंगाला."

मी वाद घातला. सह्या आहेत म्हटलं. ते म्हणाले, "सह्यांनी डबा वाढत न्हाई."

राग आला. त्यांच्यापेक्षा स्वतःचा जास्त. मीसुद्धा त्याच गाडीनं कॉलेजला गेलेली. सकाळी चढायची आणि संध्याकाळी उतरायची ती कान्ह्याच्या प्लॅटफॉर्मवरच्या त्याच नळासमोर, आणि हे डोक्यात आलं नाही. तरी नुसत्या तोंडी बोलण्यावर माघार घेणं मला जमणार नव्हतं. फोटो कुणाकडेच नव्हता. घाटातल्या चकचकीत गाड्यांचे ढिगानं फोटो आहेत, आमच्या पॅसेंजरचा कोण काढणार? तेव्हा आई म्हणाली, आत्याच्या लग्नाची सीडी आहे ना.

आत्याच्या लग्नाचं वऱ्हाड त्याच पॅसेंजरनं तळेगावला गेलं होतं. आमच्याकडे तेव्हा शूटिंगवाल्याला स्टेशनच्या पुलावर चढवायची पद्धत होती, सगळं वऱ्हाड एका नजरेत यावं म्हणून. कामशेतच्या ज्या दुकानात माझी पत्रकं छापतात तिथल्या जुन्या संगणकात सीडी चालते. बाबा, आई आणि मी खुर्च्या ओढून बसलो. पडद्यावर डब्यांची छपरं आली, वारा खेळायच्या टोप्या मोजता येतील इतकी स्वच्छ. सकाळी नळासमोर बायकांचा डबा, पुढं लगेच इंजिन. बायका चढतायत, मी चार वर्षांची, आईच्या कडेवर रडतेय. मग जेवणावळी, मंगलाष्टकं, नवरीचं रडणं, सगळं पळवलं. संध्याकाळी मांडवपरतणीसाठी नवरानवरीला घेऊन काही मंडळी कान्ह्याला परतली. पुन्हा तोच नळ, पुन्हा तोच डबा. पण आता इंजिन लांब, लोणावळ्याच्या टोकाला. त्या दुसऱ्या टोकाच्या डब्यात नुसतं सामान आणि गार्ड.

दुकानदार म्हणाला, "ताई, पत्रक काढायचं का? निषेधाचं?"

काढायचं होतं, माझ्याच निषेधाचं. अडचण ही होती की मालकांनी दोन साचे कापायला घेतले असणार, आणि इतकं ठासून सांगणारी बाई आता उलटी फिरली तर ते सगळंच बासनात गुंडाळतील. गप्प बसले असते तर संच आला असता. कुणाला कळलंही नसतं. बाबांना कळलं असतं.

मी पत्र लिहिलं. मथळा नाही, मुद्दे नाहीत. चूक माझी आहे, दोन्हीकडच्या बायका खरंच बोलल्या, जोडणी मी चुकीची केली. सोबत सीडीतली चित्रं पाठवते आहे. दुसऱ्यांदा वाचलंसुद्धा नाही, पाठवून दिलं.

बरेच दिवस काही नाही. बाबा विचारायचे नाहीत, पण कुरिअरवाल्याची मोटारसायकल वाजली की ओट्यावर जाऊन उभे राहायचे. मित्र म्हणाला, खोटं बोलायला काय झालं होतं, खेळणंच तर आहे. त्याला मी जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्यांच्या खोटेपणावर पत्रकं काढणाऱ्यानं स्वतःचा खोटेपणा खेळणं म्हणून सोडायचा, हे मला कुणी शिकवलेलं नाही आणि मी शिकणारही नाही.

शेवटी खोकं आलं. आत एक चिठ्ठी होती: 'एक साचा वाया गेला. दुसरा बरोबर आहे. छपरावरच्या टोप्या मोजून घ्या.'

बाबांनी बायकांचा डबा उचलला आणि उलटा केला. चष्मा कपाळावर, डबा नाकाशी. मग चमच्याच्या दांड्यानं चाकावर टकटक केलं. प्लॅस्टिकच, आवाज कसला येणार. तरी आठही चाकं वाजवूनच डबा सुलटा केला. "गज हायेत," म्हणाले.

आता तो संच आमच्या कपाटावर आहे. आमच्या घरात खिडकीच्या बाजूला पुणं आहे आणि दाराच्या बाजूला लोणावळा, तेव्हा बायकांचा डबा खिडकीकडे. कामशेतच्या मावश्या आल्या, कॉलेजच्या मैत्रिणी आल्या. दोन्हीकडच्यांना मी तो दाखवला. डब्यांना कुणी हात लावत नाही. फक्त सकाळी चहाच्या आधी बाबा इंजिन उचलून खिडकीकडच्या टोकाला लावतात, आणि संध्याकाळी पुन्हा उचलून दाराकडच्या.