कानबाईच्या आदल्या दिवशीचं रक्त

नवऱ्याने मला धोटा फेकून मारला तो आमच्या खानदेशची देवी कानबाई घरात बसायच्या आदल्या दिवशी. सुरतेजवळ उधन्याच्या आमच्या खोलीत सासू देवीच्या रोटांचं पीठ चाळत होती. लूमवरचा धोटा लाकडाचा असतो, दोन्ही टोकांना लोखंड. तो भुवईवर बसला आणि डोळ्यात रक्त उतरलं.

झालं होतं असं. वस्तीतल्या तपासणीत माझ्या गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशी बदललेल्या निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात बोलावून समजावलं, "बेन, आ कॅन्सर नथी. पण छोडी देशो तो थई शके." म्हणजे हा कॅन्सर नाही, पण तसंच सोडलं तर होऊ शकतो. दुर्बिणीतून बघून चिमूटभर तुकडा काढायचा, तो तपासायचा, मग पुढचं ठरवायचं. नंतर थोडं रक्त जाईल, म्हणाल्या. सासूचं म्हणणं, कानबाई उठल्यावर जा. मी ऐकलं नाही. जीव माझा जाणार होता, कानबाईचा नाही.

तुकडा देऊन घरी आले, तर लुगड्याला डाग.

"पीठले हात लावू नको," सासू म्हणाली. "अडचण शे तुले."

"अडचण नही, जखम शे."

नवरा लूमवरची पाळी संपवून हातात धोटा घेऊन आलेला. "हाऊ रोग कोनाकडथून लई उनी?"

"नवराकडथून बी येस, डॉक्टरीणनी सांगं," मी तोंडावर सांगितलं. तेव्हा धोटा आला.

आता गंमत बघा. भुवईवरच्या जखमेवर सासूने स्वतः हळद दाबली, हात धुतले आणि त्याच हातांनी पीठ मळायला बसली. त्या रक्ताचा विटाळ नव्हता, ते तिच्या लेकाने काढलं होतं. मला इतका संताप आला की रडूही येईना.

रिपोर्टच्या दिवशी नवरा दारात आडवा उभा. "गई ते तंगडी तोडसू." मी कोनाड्यातला तोच धोटा उचलून त्याच्या मनगटावर हाणला. हाड वाजलं. तो खाली बसला, मी त्याला ओलांडून गेले. बदल खोल होते, पण कॅन्सर नव्हता. तेवढा भाग काढून टाकला. मग डॉक्टरीणबाई दर सहा महिन्यांनी तपासणीला ये म्हणाल्या, आणि मी जात राहिले. नवरा पुन्हा आडवा आला नाही.

पुढच्या वर्षी अशीच निघाले, तर सासू चपला घालून मागे आली. तिची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली. रिक्षात माझ्याकडे न बघता म्हणाली, "मनं बी रगत जास. मांगनी कानबाईपासून."

म्हणजे मागच्या कानबाईला ते पीठ मळलं तेव्हाही. मला तिचा गळा धरावासा वाटला. मी हात धरला.

मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आ कॅन्सर नथी. सासूला तपासून डॉक्टरीणबाई हात धुवायला गेल्या, आणि बराच वेळ धूतच राहिल्या.