चौदा नंबरची डुक्कर गाडी

सुदामने कुठलंही इंजिन खोलून परत बसवलं की तीन-चार नट-बोल्ट हमखास उरायचे. गाडी मात्र झकास चालायची! उरलेले नट तो वनस्पती तुपाच्या एका रिकाम्या डब्यात टाकायचा. आमच्या त्या सहा-सात वर्षांचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. कुठला कुठून निघाला ते आठवत नाही, टाकवतही नाहीत, आणि चार माणसं जमली की डबा आपोआप उघडतो.

आम्ही तिघं. सुदाम पगारे, नाशिकच्या द्वारका चौकामागच्या एका गॅरेजमधला फिटर. भाऊसाहेब, मखमलाबादकडचे बागायतदार, झेंडू आणि भाजी पिकवणारे. आणि मी, एका सरकारी कचेरीतला टायपिस्ट. माझं काम काय, तर इंग्रजी वाचायचं आणि घड्याळ धरायचं!

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. नाशकात तेव्हा चार चाकं असणं हीच चैन होती. जुनी गाडी शर्यतीत पळवायची म्हणजे लोकांच्या मते डोकं फिरल्याचं लक्षण. असेल! आमची फिरली होती, आणि ती सरळ करून घ्यायची आम्हाला अजिबात इच्छा नव्हती.

*

गाडी भाऊसाहेबांची. चोपन्नचं मॉडेल, नाक असं पुढे आलेलं की सगळे त्या जातीच्या गाडीला 'डुक्कर'च म्हणायचे. भाऊसाहेब तिच्यातून फुलांच्या करंड्या बाजारात न्यायचे. त्यासाठी मागची सीट काढलेली, दारांची अस्तरं काढलेली, छताचं कापडसुद्धा फाडून टाकलेलं. आत नुसता पत्रा आणि मेथीचा वास.

शर्यतीच्या गाडीत पहिलं काम असतं वजन उतरवायचं. सुदाम हातात पाना घेऊन गाडीत शिरला, इकडेतिकडे बघितलं आणि तसाच बाहेर आला.

"भाऊसाहेब, अर्धी रेसिंग गाडी तर तुम्हीच करून ठेवलीय!"

भाऊसाहेबांची अट एकच होती. "काय बी काढ, काय बी लाव. पण सकाळी फुलं गेली पाह्यजेत." त्यामुळे आमची गाडी ही बहुधा देशातली एकमेव रेसिंग कार असावी, जी पहाटे झेंडू उतरवून मग गॅरेजमध्ये यायची.

*

पहिल्या वर्षी आम्ही कसारा घाट उतरून गेलो. मुंबईच्या एका मोटार क्लबने एका बंद पडलेल्या धावपट्टीवर शर्यती ठेवल्या होत्या. तिकडच्या गाड्यांना परदेशी टायर, परदेशी तेल, आणि चालकांच्या डोळ्यांवर परदेशी गॉगल. आमच्या गाडीच्या काचेत झेंडूची पाकळी अडकलेली.

सुदामने गाडी अशी काढली की काय सांगू! बारा गाड्यांत पाचवा. मी आणि भाऊसाहेबांनी ओरडून घसा बसवून घेतला. तेवढ्यात लाऊडस्पीकरवर इंग्रजीत पुकारा झाला, "पाचव्या क्रमांकावर, नाशिकचे भाऊसाहेब!" क्लबच्या माणसांनी मालकाचं नाव तेच चालकाचं नाव असं धरून टाकलं होतं. सुदामच्या अंगावर तेलकट डांगरी. तो गाडी चालवेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सुदामने हेल्मेट काढलं. "घ्या! गाडी मी चालवली आणि धावले भाऊसाहेब!"

आम्ही हसलो. तो नाही हसला. परतताना इगतपुरीला चहा पिताना म्हणाला, "टायपिस्ट, नंबर कितवा येतो ते जाऊ दे. एकदा त्या भोंग्यातून माझं नाव आलं पाहिजे." त्यानंतर आम्ही जे काही केलं ते एवढ्यासाठीच.

*

एकच कार्बोरेटर पुरत नाही, दोन लावू, असं सुदामने ठरवलं. दोन मिळाले, भंगारातून. एक एका गाडीचा, दुसरा भलत्याच गाडीचा. तोंडं वेगळी, माप वेगळं. रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून तो तासन् तास हवेचा आवाज ऐकत बसायचा. इकडचा स्क्रू पाव फेरा, तिकडचा अर्धा. दोन्हीकडून सारखा आवाज आल्याशिवाय जेवायला उठायचा नाही.

एकदा क्लबचे एक सभासद त्र्यंबकेश्वराला चालले होते. गाडी गरम झाली म्हणून नेमके आमच्याच गॅरेजमध्ये आले. आमच्या गाडीचं बॉनेट उघडं होतं. ते वाकून बघायला लागले.

"हे दोन कार्बोरेटर वेगवेगळ्या जातीचे आहेत. हे एकत्र चालूच शकत नाहीत!"

इंजिन त्यांच्या नाकासमोर गुरगुरत होतं. सुदाम म्हणाला, "साहेब, हळू बोला. त्या दोघांना अजून हे कळलेलं नाही!"

*

चारही चाकांवर वजन सारखं पडलं नाही तर वळणावर गाडी ओढते. ते मोजायचं कुठं? भाऊसाहेब म्हणाले, "विंचूरला. कांदा मोजत्यात त्या काट्यावर." बाजाराला सुट्टी होती, पण मापाडी ओळखीचा होता. तीन चाकांखाली विटा आणि फळ्या, चौथं चाक काट्यावर, असं आम्ही एकेक चाक चढवत गेलो. मापाडी खणखणीत आवाजात वजन सांगायचा, मी लिहायचो.

पहिल्या चाकाचा आकडा त्याने मला काट्यावर दिसत होता त्याहून एक किलोने कमी सांगितला. दुसऱ्याचाही तसाच. मी म्हटलं, "दादा, चुकतंय."

"काय नाय चुकत. बारदानाचा किलो वजा केला."

"अहो, गोणी कुठंय? हे चाक आहे!"

"काट्यावर आलं म्हंजे बारदान वजा. लय वर्षांची रीत हाय. कलेक्टर उभा राह्यला तरी त्याचा बी किलो वजा करीन!"

वाद घालून काही उपयोग झाला नाही. चारही चाकांचा एकेक किलो गेला. सुदाम कागदाकडे बघत राहिला. "दोन महिने पत्रा कापून कापून मी तीन किलो उतरवले. यांनी जागेवर बसून चार उतरवले!"

*

पुढच्या वर्षी मी फॉर्म स्वतः टाइप केला. चालक: सुदाम लक्ष्मण पगारे. फॉर्म परत आला. चालकाला क्लबच्या दोन सभासदांची शिफारस हवी, नाहीतर चालक गाडीचा मालक हवा, असं पत्र सोबत होतं. शेवटी एक वाक्य: 'मेकॅनिकला गाडीसोबत येण्यास हरकत नाही.' मला ते वाचून असा संताप आला की पत्र टराटरा फाडावंसं वाटलं. सुदामने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

भाऊसाहेब दोन-तीन दिवस गायब होते. मग एक दिवस गॅरेजमध्ये आले आणि सुदामला म्हणाले, "चल, सही कर." गाडी सुदामच्या नावावर करायचे कागद होते!

"भाऊसाहेब, येड लागलं का तुम्हाला?"

"मालक हवा म्हनत्यात ना? मंग हो मालक! त्यांचं तोंड बंद झालं पाह्यजे."

संध्याकाळी आम्ही मळ्यात गेलो, तेव्हा भाऊसाहेबांच्या पत्नी कमलवहिनींना हे कळलं. त्या भाऊसाहेबांना म्हणाल्या, "आन् उद्या फुलं कशी जायाची?"

"मला काय इचारती? गाडी त्याची हाय."

वहिनींनी पदर नीट केला, सुदामपुढे येऊन उभ्या राहिल्या आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "सुदामभाऊ, उद्या सकाळी तुमची गाडी द्याल का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला सुदाम स्वतः गाडी घेऊन मळ्यात हजर होता.

*

सुदाम मालक झाल्यामुळे आता क्लबला त्याला नाही म्हणता येईना. आम्ही गेलो. शर्यतीच्या सकाळी छापील यादी हातात आली. प्रत्येक नंबरापुढे चालकाचं पूर्ण नाव. आमच्या चौदापुढे फक्त 'नाशिक'.

मी सेक्रेटरीसाहेबांना गाठलं. मे महिन्यात कोट घातलेला माणूस. म्हणाले, "छापताना जागा पुरली नसेल." जागा होती! मी टायपिस्ट आहे, कागदावर जागा किती असते ते मला कळतं. मी तावातावाने परत आलो. सुदाम टायरमधली हवा बघत होता. म्हणाला, "भांडू नको. नियमांचं पुस्तक वाच. शर्यत संपते कधी, तेवढंच वाच."

मी वाचलं. काळ्यापांढऱ्या चौकटींचा झेंडा दाखवला जाईपर्यंत चालकाने गाडी थांबवायची नाही.

"बरं," सुदाम म्हणाला.

शर्यत दहा फेऱ्यांची. तिसऱ्या फेरीत धावपट्टीच्या लांबच्या टोकाला आमच्या गाडीची अ‍ॅक्सिलरेटरची वायर तुटली. गाडी कडेला उभी राहिली. करंड्या बांधायची सुतळी गाडीत होती, तिने सुदाम जोडाजोड करत बसला. इकडे बाकीच्यांची शर्यत संपली. चौदा नंबर बाद झाला असं समजून झेंडेवाल्याने झेंडा गुंडाळला आणि तो जेवायला गेला. सगळे मांडवाखाली जमले. प्रमुख पाहुणे भाषणाला उभे राहिले.

आणि डुक्कर आली! सायलेन्सर आम्ही कधीच काढून टाकलेला. मांडवासमोरून ती अशी गरजत गेली की पाहुणे 'खिलाडूवृत्ती' या शब्दावर थांबले. आवाज लांब गेला, त्यांनी पुन्हा सुरुवात केली. दीड मिनिटाने पुन्हा डुक्कर!

सेक्रेटरीसाहेब धावत कडेला गेले आणि दोन्ही हात हलवायला लागले. सुदामने जाता जाता हात हलवून उत्तर दिलं. पुढच्या फेरीला त्यांनी रुमाल हलवला. सुदाम तसाच पुढे.

"तुमच्या माणसाला थांबवा!" ते माझ्यावर ओरडले.

मी पुस्तक पुढे केलं. "झेंडा लागेल साहेब. नियम तुमचाच आहे."

झेंडा जीपमध्ये, तंबूच्या सामानाखाली गेलेला. तो काढेपर्यंत आणखी बारा फेऱ्या झाल्या. शेवटी कोटातल्या सेक्रेटरीसाहेबांनी भर उन्हात स्वतः झेंडा हलवला, एकट्या सुदामसाठी! भाऊसाहेब माझा दंड इतका घट्ट धरून उभे होते की नंतर वळ उठले.

सुदामने गाडी बरोबर मांडवासमोर आणून उभी केली. इंजिन चालूच. फेऱ्या मोजणारा कारकून इमानदार होता, त्याने प्रत्येक फेरीची खूण केली होती. त्याने घाबरत विचारलं, "दहाच्या शर्यतीत तुमच्या एकोणीस झाल्यात. किती लिहू?"

"झाल्या तेवढ्या लिहा. आणि पुढे नाव लिहा." सुदामने ओरडून पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. कारकुनाने लिहिलं आणि कागद माइकवाल्याकडे दिला. माइकवाल्याने सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी घाम पुसत मान हलवली. माइकवाल्याने घाईघाईने काहीतरी वाचलं. इंजिनाच्या आवाजात कुणाला एक अक्षर ऐकू आलं नाही, आणि त्याला ते बरंच वाटलेलं दिसलं.

सुदामने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. मग किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. इतकं शांत झालं की पाहुण्यांच्या हातातले भाषणाचे कागद फडफडलेले ऐकू आले.

"आता वाचा," सुदाम म्हणाला.