पदरातला पेनड्राइव्ह

संतपुरात आमच्या शेजारच्या अक्कांकडे एक छोटा लॅपटॉप आहे. त्याची हार्डडिस्क केव्हाच गेली. अक्कांनी पेनड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे लॅपटॉप चालवणारी फुकटची प्रणाली, घातली. लॅपटॉप सुरू करताना ती सगळी त्याच्या तात्पुरत्या मेमरीत चढते. मग पेनड्राइव्ह काढून त्या पदराच्या गाठीत बांधतात आणि सोयाबीन काढून आलेल्या बायांना लॅपटॉप शिकवायला बसतात. बंद केलं की लॅपटॉप सगळं विसरतो. लिहिलेलं ठेवायचं तर पेनड्राइव्ह परत लावावा लागतो, आणि अक्का तो लावत नाहीत. मला हे मुळीच पटत नसे. विसरणाऱ्या यंत्रावर काय शिकायचं?

एकदा एका बाईनं स्क्रीनवरचा मेनूच घालवला आणि ती रडकुंडीला आली.

"कामून भ्यायलीस? बिघडव की अजून!" अक्का म्हणाल्या. लॅपटॉप बंद करून त्यांनी पुन्हा सुरू केला. सगळं जागच्या जागी होतं. बाई हसली.

काल तिनंच एकेक अक्षर शोधत बीदरला शिकणाऱ्या लेकीसाठी चार ओळी लिहिल्या.

"अक्का, बंद करू?"

"थांब गं. हे न्हाई इसरायचं," म्हणत अक्का पदराची गाठ सोडू लागल्या.